माडीवरचे वायफाय चालेना: कंपनीचा राउटर आणि घरचा अ‍ॅक्सेस पॉइंट यांतला दोष क्रमाने कसा शोधावा

तळमजल्यावर इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर असतो, माडीवर रेंज पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा वायफाय डबा आणून लॅन वायरने पहिल्याला जोडलेला असतो, आणि एके दिवशी माडीवरचे सगळे फोन ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ असे दाखवू लागतात. कोल्हापुरात ही मांडणी घरोघरी दिसते. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती वायफायची लहर अडवतात, आणि उपनगरांतल्या नव्या बंगल्यांत तेच काम सळईचा स्लॅब करतो. मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. तो शोधताना घाईने दाबलेल्या बटणांमुळे आणि एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यामुळे काम वाढते.

पुढचा क्रम बाहेरून आत येणारा आहे: आधी कंपनीची लाइन, मग दोन डब्यांमधली वायर, मग अ‍ॅक्सेस पॉइंटची मांडणी आणि सर्वांत शेवटी हवेतली लहर. प्रत्येक टप्पा आधीचा टप्पा तपासून झाला आहे असे धरूनच लिहिला असल्यामुळे मधूनच सुरुवात करू नये. लेखात ‘राउटर’ म्हणजे कंपनीचा डबा आणि ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणजे तुम्ही स्वतः आणलेला डबा, मग त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

तयारी

घरातल्या कोणाची ऑनलाइन परीक्षा किंवा कार्यालयाची बैठक नसेल अशी दोन तासांची वेळ निवडा. लॅन वायर लावता येईल असा लॅपटॉप, एक ते दोन मीटर लांबीची हमखास चालणारी लॅन वायर, एक फोन आणि कागद-पेन एवढे साहित्य पुरते. लॅपटॉपला लॅनचे भोक नसेल तर यूएसबीवर चालणारा जोड घ्यावा लागेल. वायफायवरूनच वायफायची तपासणी करणाऱ्याला शेवटपर्यंत काहीच खात्रीने सांगता येत नाही, म्हणून हा खर्च टाळू नये.

कोणतीही वायर काढण्याआधी दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचे आणि खालच्या चिठ्ठीचे फोटो काढा. कोणती वायर कोणत्या भोकात होती, डब्याचा पत्ता (ब्राउझरमध्ये टाइप केला की डब्याचे सेटिंगचे पान उघडते तो आकडा) काय आणि त्या पानाचा पासवर्ड काय, हे सगळे त्या फोटोंत मिळते. तुमच्या जोडणीला कंपनीने युजर आयडी आणि पासवर्ड दिलेला असेल तर तोही विचारून कागदावर लिहून ठेवा.

इशारा: तपासणी सुरू करताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा. वायफायवर इंटरनेट नसले की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि दुरुस्त न झालेली जोडणी दुरुस्त झाली असे वाटते. मीही सुरुवातीला असा फसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी पुन्हा जावे लागले होते.

टप्पा १: कंपनीचा राउटर एकटा तपासा

अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणारी लॅन वायर राउटरच्या बाजूने काढून बाजूला ठेवा. आता राउटरचा वीजपुरवठा भिंतीवरच्या बटणाने बंद करा, एक मिनिट थांबा आणि पुन्हा चालू करा. राउटर पूर्ण उभा राहायला तीन ते पाच मिनिटे लागू शकतात; तेवढा वेळ त्याला हात लावू नका.

इशारा: चालू-बंद करणे आणि रीसेट करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरच्या मागे टाचणीच्या टोकाने दाबायचे जे बारीक भोक असते, ते दहा-पंधरा सेकंद दाबले की कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते, आणि त्यानंतर कंपनीचा माणूस आल्याशिवाय किंवा कंपनीने तिकडून माहिती पुन्हा भरल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. एका ओळखीच्या घरी भाच्याने साडीची पिन घालून असे केले, तेव्हा माडीवरचे इंटरनेट तर आले नाहीच, उलट तळमजल्यावरचे गेले आणि त्याच राउटरला जोडलेला घरचा फोनही मुका झाला. कंपनीच्या राउटरचे ते भोक तुमच्यासाठी नाही असेच समजा.

राउटर उभा राहिला की दिवे पाहा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही, आणि तो दोष तुमच्या घरातल्या कोणत्याही सेटिंगने जाणार नाही. फायबरची वायर कपाटामागे दाबलेली किंवा कोपऱ्यात घडी घालून वळवलेली नाही ना, एवढे फक्त पाहा, कारण फायबर आत काचेचे असते आणि काटकोनात मोडल्यास प्रकाश गळतो. जोड उपसून त्याच्या टोकात डोळा घालून पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसत असेल तर ती लिहून घ्या. घरगुती फायबरच्या प्रचलित उपकरणांत ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवी. उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली गेली की लाइन तुटक चालते.

दिवे ठीक असतील तर आखूड वायरने लॅपटॉप थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचे वायफाय बंद करा आणि वेग मोजा. मिळालेला आकडा, वेळ आणि तारीख कागदावर लिहा.

तपासा: दहा मिनिटे लॅपटॉपवर वायरने इंटरनेट अखंड चालले का? नसेल तर टप्पा ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे तक्रार नोंदवा आणि ती दूर होईपर्यंत पुढे जाऊ नका. असेल तर कंपनीची लाइन निर्दोष आहे, आणि यापुढे राउटरमधले काहीही बदलण्याचे कारण उरलेले नाही.

टप्पा २: अ‍ॅक्सेस पॉइंट खाली आणा, मग वायरचा निवाडा करा

सगळ्या तपासणीत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी ही आहे, कारण डबा भिंतीवरून काढण्याचा कंटाळा येतो. अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरसह खाली आणा, राउटरच्या शेजारी ठेवा आणि आखूड वायरने, पूर्वी होती त्याच भोकात जोडा. त्याच्या वायफायवर फोन जोडून पाहा. इथे इंटरनेट चालले तर दोष मधल्या लांब वायरमध्ये किंवा वरच्या वीजपुरवठ्यात आहे. इथेही चालले नाही तर वायर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे आणि तुम्ही थेट टप्पा ३ कडे जावे.

अडॅप्टर ‘त्याच्या स्वतःचा’ असावा यावर भर देण्याचे कारण आहे. १२ व्होल्टच्या डब्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर दिवे लागतात पण वायफाय सुरू होताना डबा पुन्हापुन्हा बंद पडू शकतो. उलट ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्टचा लावला तर डबा जळू शकतो. दोन्हींची पिन एकसारखी असल्यामुळे साफसफाईच्या वेळी त्यांची अदलाबदल सहज होते. दिवाळीनंतर अशा तक्रारी माझ्याकडे हमखास येतात.

दोष वायरकडे वळला तर पुढच्या गोष्टी पाहा. लॅन वायरमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसची जोडणी त्यांतल्या दोनच जोड्यांवर चालते, हजार एमबीपीएसला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली तर दर वेळी इंटरनेट बंदच पडते असे नाही. ते अनेकदा हळू होते. तुमची योजना दोनशे किंवा तीनशे एमबीपीएसची असूनही वरच्या टोकाला लॅपटॉप लावल्यावर वेग नव्वद ते पंचाण्णवच्या मध्येच अडकत असेल, तर एक तार तुटली आहे किंवा डब्याचे भोकच शंभरचे आहे, असे समजावे. आठ दिव्यांचा साधा लॅन टेस्टर लावला की तुटलेली तार कोणती हे लगेच दिसते. जोड पुन्हा दाबून घ्यायचा असेल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

मंगळवार पेठेतल्या एका घरातली तक्रार अशी होती की इंटरनेट रोज सायंकाळी सातच्या सुमारास जाते आणि सकाळी आपोआप येते. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता, पण दोन्ही वेळा दुपारी, त्यामुळे त्याला सगळे ठीक दिसले. मी सायंकाळी जाऊन बसलो. दिवेलागणीला काकूंनी डास येतात म्हणून जिन्यावरच्या खिडकीचे दार ओढून घेतले, आणि त्याच क्षणी अ‍ॅक्सेस पॉइंटचा लॅनचा दिवा गेला. वायर त्या खिडकीच्या चौकटीतून वर नेलेली होती. दार लागले की ती चिमटली जात असे. वरचे आवरण जरासे चपटे दिसत होते, आतली तार मात्र तुटून फक्त टेकलेली राहिली होती. भिंतीतून भोक पाडून नवी वायर ओढल्यावर तक्रार संपली. म्हणून वायर पाहताना ती बोटांनी चाचपत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दारे-खिडक्या उघडझाक करून पाहावी.

इशारा: राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्यामध्ये एकच वायर हवी. ‘वेग वाढेल’ म्हणून किंवा चुकून दोन वायरी जोडल्या, किंवा एकाच वायरीची दोन्ही टोके एकाच डब्यात गेली, तर माहिती गोल फिरत राहते, लॅनचे सगळे दिवे एकसाथ वेगाने लुकलुकतात आणि पूर्ण घराचे इंटरनेट ठप्प होते. जादा वायर काढली की ते सहसा लगेच मोकळे होते, फार तर दोन्ही डबे एकदा बंद-चालू करावे लागतात.

इशारा: वायर गच्चीवरून किंवा घराबाहेरून नेली असेल तर वळवाच्या दिवसांत विशेष काळजी घ्या. फायबरमधून वीज वाहत नाही, पण लॅनची वायर तांब्याची असते आणि जवळपास वीज पडली तर तिच्यातून येणारा झटका दोन्ही डब्यांची लॅनची भोके जाळू शकतो. गडगडाट सुरू होण्याआधीच, आकाश भरून आले की, अडॅप्टरबरोबर ही वायरही काढून ठेवावी.

छतावर बसवायचा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर त्याला वायरमधूनच वीज देणारा छोटा डबा मिळतो. त्यातल्या ‘पीओई’ लिहिलेल्या भोकातून अ‍ॅक्सेस पॉइंटकडे आणि ‘लॅन’ लिहिलेल्या भोकातून राउटरकडे वायर जाते. ही अदलाबदल झाली तर अ‍ॅक्सेस पॉइंट मृतवत दिसतो.

टप्पा ३: अ‍ॅक्सेस पॉइंटची मांडणी

बाजारात मिळणारा बहुतेक प्रत्येक वायफाय डबा मुळात राउटर असतो, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम तोही करू पाहतो. पत्ते वाटणाऱ्या या भागाला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात, आणि घरात तो एकच, कंपनीच्या राउटरमधलाच असावा. दोन असले तर ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता फोन घेतो. अ‍ॅक्सेस पॉइंटने पत्ता दिला तर फोन बाहेर जाण्याचा रस्ताही त्याच्याकडेच मागतो, आणि त्याच्याकडे तो नसतो. याच कारणाने कधीकधी माडीवरच्या डब्यातला दोष तळमजल्यावरच्या फोनला बाधतो, तोही सगळ्यांना नव्हे, एकालाच, आणि लोक कंपनीला दोष देत बसतात.

निदान फोनवरच होते. वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडा आणि आयपी पत्ता (फोनला मिळालेला पत्ता) व गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता देणाऱ्या डब्याचा पत्ता) हे दोन आकडे वाचा. अनेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या घरगुती राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो, तर बाजारातल्या बऱ्याच डब्यांचा १९२.१६८.०.१ असतो. गेटवेच्या जागी कंपनीच्या राउटरचा पत्ता दिसला तर वाटणी योग्य आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटचा पत्ता दिसला आणि इंटरनेट नाही, तर दुसरा डीएचसीपी चालू राहिला आहे. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकून राहत असेल, तर कोणाकडूनच पत्ता मिळालेला नाही, म्हणजे वायर किंवा भोक पुन्हा तपासावे. गेटवे अ‍ॅक्सेस पॉइंटचा असून इंटरनेट मात्र चालते, पण खालचा प्रिंटर वरून सापडत नाही, अशी स्थिती असेल तर वायर ‘वॅन’ भोकात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या भोकात, आहे आणि डबा राउटर म्हणूनच चालतो आहे. ते चालू राहू शकते, पण एकाच घरात दोन वेगळी जाळी तयार होतात.

डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’मध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडा, डबा पुन्हा सुरू होऊ द्या, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या भोकात वायर लावा, काम संपले. तो पर्याय नसलेल्या जुन्या डब्यासाठी पुढचा क्रम आहे, आणि त्यात क्रमालाच महत्त्व आहे. या डब्याला मात्र रीसेट करायला हरकत नाही, कारण त्यात कंपनीची कोणतीही माहिती नसते.

१. अ‍ॅक्सेस पॉइंट राउटरपासून सोडवा आणि लॅपटॉप वायरने त्याच्या ‘लॅन’ भोकात जोडा.

२. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करून सेटिंगचे पान उघडा.

३. वायफायचे नाव आणि पासवर्ड आधी भरून जतन करा. तपासणी संपेपर्यंत नाव राउटरच्या नावाहून वेगळे ठेवा, नाहीतर फोन कोणत्या डब्याला जोडला आहे ते कळणार नाही.

४. ‘लॅन आयपी’ बदला. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर इथे १९२.१६८.१.२ द्या, मात्र राउटर ज्या आकड्यांमधून पत्ते वाटतो त्यांत हा आकडा नसावा. राउटर २ पासूनच वाटत असेल तर त्याच्या यादीच्या बाहेरचा दुसरा आकडा निवडा. जतन केल्यावर डबा पुन्हा सुरू होईल आणि पान बंद पडेल. हे अपेक्षित आहे. लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्यावर पान उघडा.

५. सर्वांत शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करून जतन करा.

६. राउटरच्या लॅन भोकातून येणारी वायर अ‍ॅक्सेस पॉइंटच्या लॅन भोकात लावा. निळ्या किंवा वेगळ्या रंगाचे ‘वॅन’ भोक मोकळेच राहील.

नेहमीची चूक: पाचवी पायरी आधी केली जाते. डीएचसीपी बंद झाला की लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, सेटिंगचे पान उघडत नाही, आणि डबा बिघडला असे समजून माणूस रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असे झालेच तर लॅपटॉपला हाताने डब्याच्याच मालिकेतला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच आणि शेवटचा वेगळा असलेला पत्ता द्या (डबा १९२.१६८.०.१ वर असेल तर १९२.१६८.०.५०), म्हणजे पान उघडेल. काम झाल्यावर लॅपटॉप पुन्हा ‘आपोआप पत्ता घ्या’ वर आणायला विसरू नका.

तपासा: अ‍ॅक्सेस पॉइंटच्या वायफायवर जोडलेल्या फोनमधून राउटरच्या पत्त्याचे पान उघडते का? उघडत असेल तर दोन्ही डबे एकमेकांशी बोलत आहेत. लॅपटॉपवरून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग जाते (पिंग म्हणजे समोरून उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे दिसले तर दोष नावांचे आकडे करून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. लॅपटॉपवर हाताने भरलेला एखादा जुना डीएनएस राहून गेला आहे का, ते पाहा.

टप्पा ४: हवेतली लहर

इथवर सगळे ठीक असून फक्त काही खोल्यांत त्रास असेल तरच हा टप्पा करावा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. राउटर १ वर असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट ६ किंवा ११ वर ठेवा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ करा. राजारामपुरीच्या गल्ल्यांसारखी घराला घर लागून असलेली वस्ती असेल तर फोनवरच्या वायफाय तपासणीच्या अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल पाहून निवड करा. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त, पण भिंत ओलांडण्याची ताकद कमी. त्यातले ५२ ते ६४ हे चॅनेल निवडले असतील तर डबा आधी रडारची लहर आहे का ते ऐकतो, म्हणून सुरू झाल्यावर नाव दिसायला एखादे मिनिट लागते.

त्याच अ‍ॅपमध्ये लहरीची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निर्धास्त चालतो, उणे ८० च्या खाली जोडणी टिकत नाही. दगडी भिंतीच्या घरात डबा एक दार इकडचा तिकडे केल्याने दहा-पंधरा आकड्यांचा फरक पडलेला मी पाहिला आहे, तेव्हा नवा डबा घेण्याआधी जागा बदलून पाहा. लोखंडी कपाटावर, पाण्याच्या टाकीमागे किंवा देव्हाऱ्याच्या कोनाड्यात डबा ठेवू नये.

जुना टीव्ही किंवा वायफायचा दिवा जोडला जात नसेल तर सुरक्षेचा प्रकार फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ ठेवला आहे का ते पाहा. ‘डब्ल्यूपीए २’ सह मिश्र प्रकार निवडावा. फोनवरून टीव्हीवर चित्र जात नसेल तर ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी सोय) किंवा पाहुण्यांचे वायफाय चालू राहिले आहे का, तेही तपासावे.

सगळे ठीक चालल्यावर हवे असल्यास दोन्ही डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या. तरीही जिना चढल्यावर फोन खालच्या डब्याला चिकटून राहिला तर तो बिघाड मानू नये. डबा कधी सोडायचा हे फोन ठरवतो. राउटरमधली २.४ गिगाहर्ट्‌झची ताकद मध्यम करता येत असेल तर हे चिकटणे कमी होते.

डबा जागेवर बसवल्यावर वीज गेल्याची चाचणी घ्या. दोन्ही डबे एकाच इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत, कारण वरचा चालू आणि खालचा बंद असेल तर फोनला पूर्ण रेंज दिसते पण इंटरनेट नसते. वीज आल्यावर अडचण राहिली तर आधी राउटर, त्याचे दिवे स्थिर झाले की अ‍ॅक्सेस पॉइंट, आणि शेवटी फोनचे वायफाय, या क्रमाने बंद-चालू करावे.

टप्पा ५: तक्रार आणि कंपनीच्या माणसाची भेट

तक्रार फक्त टप्पा १ मध्ये दोष सापडला तरच करावी, आणि ती करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता दिव्यांची स्थिती, वायरने मोजलेला वेग, वेळ आणि असल्यास प्रकाशाची पातळी सांगावी. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. माणूस येण्यापूर्वी अ‍ॅक्सेस पॉइंटची वायर राउटरमधून काढून ठेवा, नाहीतर दोष ‘तुमच्या डब्याचा’ ठरवून भेट तिथेच संपू शकते.

त्याने राउटर बदलून दिला असेल तर तो जाण्यापूर्वी नव्या राउटरचा पत्ता पाहून घ्या. जुन्याचा १९२.१६८.१.१ होता आणि नव्याचा वेगळ्या मालिकेतला आला, तर वर हाताने मांडलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटमधून फोनला इंटरनेट मिळत राहील, पण त्याचे स्वतःचे सेटिंगचे पान उघडणार नाही. अशा वेळी लॅपटॉपला तात्पुरता जुन्या मालिकेतला पत्ता देऊन ते पान उघडा, लॅन आयपी नव्या मालिकेतला करा, आणि नवा आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खाली चिकटवा.